डोलकाठीचे तणावे

मुंबईच्या एका वाचक गृहस्थांनीं आमच्याकडे एक प्रश्न पाठविला आहे. विषय आमच्या नेहमींच्या विषयांहून थोडा निराळा आहे. परंतु एकत्र कुटुंबांत पैसा कोठें खर्च करावा व कोठें करूं नये, ह्या जुन्याच वादांतला तो असल्यामुळें येथें घेण्यास हरकत वाटत नाहीं. ह्या गृहस्थांच्या पुतण्यानें तिघां मित्रांच्या भागींत शिडाची एक जुनी होडी विकत घेतली आहे. होडी तीस फूट लांब, डोलकाठी अल्युमिनियमची, आणि डोलकाठीला सावरून धरणाऱ्या तारा स्टेनलेस पोलादाच्या. तारांना सोळा वर्षें झालीं आहेत. कारागीर म्हणतो, सर्व बदला. पुतण्याहि तेंच म्हणतो. गृहस्थ स्वतः होडीवर जाऊन आले. तारा चांदीसारख्या लखलखीत, कोठें गंजाचा ठिपका नाहीं, एक तंतु तुटलेला नाहीं. डोळ्यांना धडधडीत चांगली दिसणारी वस्तु केवळ जुनी झाली म्हणून टाकून देणें हा उधळेपणा नव्हे काय, असें ते विचारतात.

प्रश्न रास्त आहे, आणि वडीलधाऱ्या माणसानें तो विचारलाच पाहिजे. परंतु ह्या बाबतींत कारागिराचें म्हणणें खरें आहे, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. तें खरें कां, हें समजण्यासाठीं ह्या तारांचें काम काय आणि त्या मरतात कशा, हें थोडें पाहिलें पाहिजे.

तंबूचा खांब जसा तणाव्यांवर उभा असतो, तशीच डोलकाठी. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, डोलकाठी झाडासारखी होडींत रोंवलेली असते आणि तारा केवळ जादा आधारासाठीं. वस्तुस्थिति उलट आहे. कित्येक होड्यांत ती तळापर्यंत पोंचतहि नाहीं. डेकवर नुसती टेकलेली असते. पुढून एक, मागून एक, आणि दोन्ही बाजूंनीं दोन-दोन, तीन-तीन तणावे तिला ओढून धरतात, आणि ह्या परस्परविरुद्ध ओढींच्या समतोलांत ती उभी राहते. एवढ्या होडीवर ही तार बहुधा सहा मिलिमीटर किंवा त्याच्या आसपास जाडीची असते, म्हणजे करंगळीहूनहि बारीक. परंतु ती तोडावयास सुमारें तीन टनांची ओढ लागते. वारा एका अंगानें आला कीं त्या अंगाचे तणावे वीणेच्या तारेसारखे ताठ होतात व दुसऱ्या अंगाचे सैल पडतात. ताठ झालेल्यांपैकीं एक जरी अशा वेळीं तुटला, तरी डोलकाठी शिडासकट पाण्यांत जावयास निमिषमात्र पुरे. आणि संकट तेथें संपत नाहीं. तीच मोडकी काठी, उरलेल्या तारांनीं होडीला जखडलेली, प्रत्येक लाटेबरोबर होडीच्या कुशीवर घणासारखी आदळूं लागते.

आमच्या कोंकणच्या जुन्या गलबतांना ही विवंचना ह्या स्वरूपांत नव्हती. त्यांचे आधार दोरांचे असत. शीड वर चढविण्याचा भक्कम दोर मागें आणून बांधीत आणि त्याच्याकडूनच मागच्या तणाव्याचें काम घेत; बाजूचे दोर तर वाऱ्याचें अंग बदललें कीं सोडून दुसऱ्या अंगास नेऊन बांधीत. म्हणजे तणावा रोज खलाशांच्या हातांतून जाई. दोर झिजला कीं त्याचे तंतु उभे राहत, तो केसाळ होई, त्याचा पीळ सुटे. तांडेलाला तें अंधारांतहि हातानें कळे. पुढें जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारा आल्या. त्याहि आपल्या परीनें प्रामाणिक. जस्त संपलें कीं तांबूस गंजाचे ओघळ शिडावर पाडून त्या आपलें दुखणें साऱ्या बंदराला सांगत. स्टेनलेस पोलादाची रीत निराळी. मोठ्या घराण्यांतला कर्जबाजारी माणूस जसा शेवटच्या दिवसापर्यंत परीटघडीच्या कपड्यांत वावरतो, तसें हें पोलाद आंतून पोखरलें गेलें तरी बाहेरून झळकत राहतें.

त्याचा हा चकचकीतपणा येतो कोठून? त्यांत क्रोमियम धातु मिसळलेली असते. हवेंतील प्राणवायूशीं तिचा संयोग होऊन पोलादाच्या पृष्ठावर एक अत्यंत पातळ पापुद्रा बनतो, आणि तो खरवडला गेला तरी प्राणवायु मिळत आहे तोंवर पुन्हां आपोआप बनतो. अर्थात् मोकळ्या हवेंत हें पोलाद सुरक्षित, आणि जेथें खारें पाणी कोंडून राहतें व ताजी हवा शिरत नाहीं तेथें असुरक्षित. ज्या घरांत स्टेनलेसच्या पातेल्याच्या तळाशीं न विरघळलेलें मीठ बराच वेळ राहूं दिलें जातें, तेथें तळाला पडलेले सुईच्या अग्राएवढे खड्डे गृहिणींनीं पाहिले असतील. बाकीचें पातेलें नव्यासारखें, आणि खड्डे मात्र खोल. होडीवर अशी कोंडलेली जागा तारेच्या टोंकाशीं असते. ही तार एकसंध नसते. मध्यें एक, त्याभोंवतीं सहा आणि बाहेर बारा, असे एकोणीस तंतु पिळून ती केलेली असते. तिचें टोंक एका पोलादी टोपणांत घालून तें टोपण यंत्राखालीं इतकें दाबतात कीं दोन्ही एकजीव होतात. वरचें टोपण उपडें असल्यामुळें त्यांत पाणी फारसें राहत नाहीं. खालचें टोपण मात्र पेल्यासारखें उताणें. समुद्राचे तुषार तंतूंच्या फटींतून ओघळत येऊन त्याच्या तोंडाशीं मुरतात, पाणी उडून जातें, मीठ राहतें, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांत भर पडते. मुंबईच्या उष्ण हवेंत ही क्रिया थंड देशांतल्यापेक्षां अधिक वेगानें चालते. तारेंत मॉलिब्डेनम असलें, म्हणजे जिला ३१६ नंबरचें पोलाद म्हणतात तें असलें, तर ती अधिक काळ टिकते इतकेंच.

दुसरें मरण थकव्याचें. हत्यार हाताशीं नसतां तार तोडावयाची असली म्हणजे आपण ती एकाच जागीं पुन्हां पुन्हां मागें-पुढें वांकवतों. पहिल्या दहा खेपांना कांहींच दिसत नाहीं, आणि मग ती एकाएकीं तुटते. होडी नांगरावर नुसती उभी असली तरी डुलत असते, आणि सैल अंगाचे तणावे वाऱ्यांत थरथरत असतात. हा वांक नेहमीं एकाच ठिकाणीं येतो. जेथें लवचिक तार ताठ टोपणांत शिरते तेथें. एका हंगामांत असे लक्षावधि हेलकावे होतात. टोपणाखालीं दोन्ही दिशांना वळणारा सांधा बसविलेला असेल तर हा थकवा पुष्कळ कमी होतो. जुन्या होड्यांत तो पुष्कळदां नसतो, विशेषतः पुढच्या तणाव्याला, आणि तेथेंच शिडाच्या ओझ्यामुळें त्याची खरी गरज असते.

म्हणूनच ह्या तारांचें वय मोजावें लागतें, रूप पाहून चालत नाहीं. सामान्य संकेत असा आहे कीं, दहा वर्षें झालीं कीं स्टेनलेसच्या तारा बदलाव्या. कित्येक विमा कंपन्याहि ह्याच सुमारास विचारणा करतात. महासागरावर जाणाऱ्यांनीं त्याहून आधीं बदलाव्या, आणि गोड्या पाण्यांत क्वचित् चालणाऱ्या होडीला कांहीं वर्षांची सवलत द्यावी. उष्ण, खाऱ्या पाण्यांत सोळा वर्षें काढलेल्या तारेला ह्या हिशेबांत कोठेंच जागा नाहीं.

तथापि ‘सर्व बदला’ ह्या शब्दांतला ‘सर्व’ तपासून घेण्याचा अधिकार वडील मंडळींना निश्चितच आहे. तारा आणि त्यांचीं टोपणें बदलावीं, ह्यांत घासाघीस नको. टोपणांना खालीं जोडणाऱ्या खिळी व त्या खिळींत घालावयाच्या कॉटर पिना स्वस्त असतात, त्याहि नव्याच घ्याव्या. परंतु ताण कमीजास्त करण्याचे जे आटेदार टर्नबकल असतात, ते कांशाचे असून त्यांचे आटे शाबूत असतील, तर स्वच्छ करून तपासून पुन्हां वापरण्यास प्रत्यवाय नाहीं. तपासण्याची एक सोपी रीत आहे. भाग स्वच्छ धुवून, सुकवून त्यावर एक लाल रंगाचें पातळ द्रव्य लावतात, कांहीं वेळानें पुसून काढतात आणि वरून पांढरी पूड फवारतात. भेग असेल तर तींत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर केसासारखी रेघ ओढून बाहेर येतो. लोखंडी कामाच्या कारखान्यांत हें साहित्य नित्य वापरांत असतें. चिरंजीवांनीं स्वतः दोन तास बसून हें केलें तर पैसाहि वांचेल आणि होडीची ओळखहि होईल.

मुंबईच्या बंदरांतील हौशी होड्या पावसाळ्यापूर्वीं पाण्याबाहेर काढतात. तपासणीला हाच काळ उत्तम, कारण तेव्हां डोलकाठी उतरवून घोड्यांवर आडवी ठेवतां येते आणि डोक्याचा भाग डोळ्यांसमोर येतो. तारेवरून कापसाचा बोळा फिरवावा. हात फिरवूं नये. एकादा तंतु तुटून वर आला असेल तर कापूस त्यांत अडकतो, आणि हात फिरवला असेल तर हात अडकतो. मग टोपणें दहापट मोठें दाखविणाऱ्या भिंगानें पाहावीं. उभी भेग दिसली, किंवा टोपण केळ्यासारखें किंचित् वांकलेलें दिसलें, तर त्या तारेचा निकाल लागला. तोंडाशीं तपकिरी डाग असेल तर तो पुसून टाकून समाधान मानूं नये. डाग कोठून आला तें शोधावें. डोलकाठीवर जेथें पोलादी भाग अल्युमिनियमला जोडलेला असतो तेथें पांढरी भुकटी व फुगवटा दिसतो. दोन भिन्न धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस लागल्या कीं हलकी धातु खाल्ली जाते. बाजूच्या तारांना बाहेर रेटून धरणाऱ्या आडव्या दांड्यांचीं टोंकें कापडांत गुंडाळलेलीं असतात, तें कापड सोडून पाहावें. दांडीच्या वरचा व खालचा कोन सारखा असावा, हें जातां जातां लक्षांत ठेवावें.

परंतु दोन जागा अशा आहेत कीं तेथें पुष्कळ मालकांची नजर जातच नाहीं. पहिली पुढच्या तणाव्याची. हल्लीं पुढचें शीड गुंडाळून ठेवण्यासाठीं त्या तारेवर अल्युमिनियमची एक लांब नळी चढविलेली असते, आणि तार त्या नळीच्या आंत वर्षानुवर्षें अदृश्य राहते. बाकीच्या तारा बदलून ही तशीच ठेवणारे मालक आहेत. दिसत नाहीं म्हणून ती नाहींच, असा त्यांचा हिशेब असावा. दुसरी जागा ह्याहून वाईट. बाजूचे तणावे होडीच्या अंगाला ज्या पोलादी पट्ट्यांनीं जोडलेले असतात, त्या पट्ट्या डेकमधून खालीं उतरून आंतल्या लांकडाला बोल्टांनीं बांधलेल्या असतात. डेकच्या भोंकांतलें लुकण कांहीं वर्षांनीं सुटतें, पाणी झिरपतें, आणि ठीक त्या डेकच्या जाडीएवढ्या दोन बोटें भागांत पट्टी कुजते. वरून पाहिली तर चकचकीत, खालून पाहिली तर चकचकीत. मधलीं दोन बोटें मात्र भेगाळलेलीं. पट्टी बाहेर काढल्याशिवाय हें कळण्याचा मार्ग नाहीं. कारागिरानें तारा बदलण्याचा आंकडा दिला असेल आणि पट्ट्यांचें नांवहि काढलें नसेल, तर वाचक गृहस्थांनीं आपली सारी चिकित्सा तेथें खर्च करावी. नव्या तारा जुन्या कुजक्या पट्ट्यांना बांधणें म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला नवें कुलूप लावणें होय.

सांध्याचें महत्त्व किती, ह्याचें एक अलीकडचें उदाहरण आहे, आणि त्याचा मुंबईशीं दूरचा संबंधहि आहे. १९६८ सालच्या जूनमध्यें रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नांवाचा इंग्रज खलाशी एकटा निघाला आणि कोठेंहि न थांबतां ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून १९६९ च्या एप्रिलमध्यें परतला. हें साध्य करणारा तो पहिला मनुष्य. त्याची ‘सुहेली’ ही बत्तीस फुटी होडी मुंबईंत, सागवानाची, येथल्या सुतारांनीं बांधलेली होती. त्या प्रवासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २०१८ सालीं फ्रान्समधून तशीच एकट्याची शर्यत निघाली. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी तींत होते. त्यांची ‘तुरीया’ ही होडी ‘सुहेली’ची प्रतिकृति, गोव्यांत बांधलेली. २१ सप्टेंबर २०१८ रोजीं हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत वादळानें ती उलथली, डोलकाठी गेली, अभिलाष ह्यांच्या पाठीस गंभीर इजा झाली, आणि तीन दिवसांनीं एका फ्रेंच जहाजानें त्यांना सोडविलें. ह्याच गृहस्थांनीं पुढें २०२२-२३ च्या शर्यतींत दुसरा क्रमांक मिळविला, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २०१८ च्या त्या शर्यतींत एकंदर पांच होड्यांच्या डोलकाठ्या पडल्या. घरासारख्या लाटेनें होडी उलथी केली तर नवी तारहि नेहमींच वांचवील असें नाहीं, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

परंतु आम्हांस अधिक बोधप्रद वाटते ती विजेत्याची गोष्ट. झां-ल्यूक व्हॅन डेन हीड हे फ्रेंच गृहस्थ तेव्हां ७३ वर्षांचे होते. नोव्हेंबरांत, दक्षिण पॅसिफिक महासागरांत, त्यांची होडी लाटेनें लोळविली. डोलकाठी उभी राहिली, एकहि तार तुटली नाहीं. पण खालचे तणावे ज्या आडव्या बोल्टानें डोलकाठीला जोडलेले होते तो बोल्ट अल्युमिनियम चिरीत सुमारें पांच सेंटिमीटर खालीं सरकला, आणि तणावे सैल पडले. पांच सेंटिमीटर म्हणजे तीन बोटें. एवढ्यानें सर्वांत पुढें असलेल्या होडीचें भवितव्य टांगणीस लागलें. ह्या वृद्ध गृहस्थांनीं हलत्या डोलकाठीवर पुन्हां पुन्हां चढून तो सांधा दोरांनीं आवळला, शिडें आंखडती ठेवलीं, आणि केप हॉर्नला वळसा घालून २९ जानेवारी २०१९ रोजीं पहिल्यानें परत आले.

डोलकाठीवर चढण्याचा विषय निघालाच आहे तर घरांतल्या आयांच्या मनांतील धास्तीविषयीं दोन शब्द. ती धास्ती अनाठायीं नाहीं. फळीच्या किंवा कापडी झोपाळ्यांत बसून वर जातात. त्याला नेहमीं दोन स्वतंत्र दोर असावे, आणि दोराची गांठ झोपाळ्यालाच मारलेली असावी, झटकन् उघडणाऱ्या कडीवर कदापि विसंबूं नये. हत्यारें दोरीनें मनगटाला किंवा झोपाळ्याला बांधावीं. आणि खालीं दोर सांभाळणाऱ्यानें बरोबर खालीं उभें राहूं नये. तीस-चाळीस फुटांवरून पडलेला पाना डोकें पाहत नाहीं.

तारा बदलावयाच्या त्या डोलकाठी आडवी असतांना एकदम बदलणें सोपें. उभी असतांना बदलावयाच्या तर एका वेळीं एकच तार सोडावी, आणि तिच्या जागीं शीड चढविण्याचा दोर ताणून बांधावा. प्रत्येक जुन्या तारेला, ती कोठली, ह्याची चिठ्ठी बांधून ठेवावी. डावी व उजवी दिसावयास सारखी असली तरी लांबी सारखी असेलच असें नाहीं. नवी तार जुन्याच जाडीची व ३१६ नंबरची घ्यावी. टोपणें यंत्रानें दाबून घेतां येतात. किंवा आट्यांनीं आवळावयाचीं, हातानें बसवितां येणारीं टोपणें मिळतात. तीं महाग, पण तीं उघडून आंत पाहतां येतें, आणि पुढल्या वेळीं नुसती तार बदलून तींच पुन्हां वापरतां येतात. आमचें मत ह्या दुसऱ्या प्रकाराकडे झुकतें.

ताण किती द्यावा, हें पुष्कळजण ‘अंदाजानें’ ठरवितात. त्याची गरज नाहीं. तार सैल असतांना तिच्यालगत बरोबर दोन मीटर लांबीची काठी वरच्या टोंकाशीं पक्की बांधावी व खालचें टोंक तारेवर जेथें येतें तेथें खूण करावी. आतां टर्नबकल आवळत जावें. एकोणीस तंतूंच्या ह्या स्टेनलेस तारेचा नियम असा कीं, दोन मीटरांत एक मिलिमीटर वाढ म्हणजे तार तुटावयास लागणाऱ्या ओढीच्या शेंकडा पांच इतका ताण. बाजूच्या मुख्य तणाव्यांना शेंकडा पंधरा ते वीस पुरे, म्हणजे खूण काठीच्या टोंकापासून तीन ते चार मिलिमीटर सरकली कीं थांबावें. डोलकाठी सरळ आहे किंवा कसें, हें तिच्या डोक्यावरून आलेल्या दोरानें दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांपर्यंतचें अंतर मोजून पाहावें, आणि मग पन्हाळीशीं डोळा लावून खालून वर बघावें. नवी तार पहिल्या दोन-तीन सफरींत थोडी बसते, म्हणून त्यानंतर हीच मोजणी पुन्हां करावी. ही दुसरी मोजणी बहुतेक मंडळी विसरतात.

सर्वांत लांब अशी जुनी तार, त्यांतल्या त्यांत बरी पाहून, वेटोळें करून होडींत ठेवावी; चार चापांच्या साहाय्यानें ती कोणत्याहि तुटलेल्या तणाव्याच्या जागीं बंदरापर्यंत काम देईल. आणि कॉटर पिना बसवितांना त्यांचीं टोंकें थोडींच फांकवावीं, शिंगांसारखीं मागें वळवूं नयेत. वर चिकटपट्टी गुंडाळावी म्हणजे शीड फाटणार नाहीं. कधीं काळीं डोलकाठी पडलीच, तर ती होडीची कूस फोडण्यापूर्वीं त्याच पिना अंधारांत, ओल्या हातांनीं, पकडीनें ओढून काढावयाच्या असतात.